काय काम काढलंसा?

लांबचं गाव बघायला जायची रीत आपल्याकडं आहे, जवळचं गाव बघायची नाही. आमच्या सांगलीत राजस्थानातले किल्ले पायाखाली घातलेली माणसं आहेत, केरळात होडीत मुक्काम करून आलेली आहेत, आणि एक गृहस्थ तर नायगारा पाहून आल्यापासून आयर्विन पुलावर थांबून कृष्णेचं पाणी बघायला तयार होत नाहीत. पण यांतल्या कुणालाही "कोल्हापूर बघितलंय का हो?" असं विचारून बघा. तो आधी तुमच्या तब्येतीची चौकशी करील. कोल्हापूर काय बघायचं? पन्नासएक किलोमीटरवर आहे, तिथंच आहे, कुठं पळून चाललंय?

कोल्हापूरला आम्ही जातो ते कामासाठी. लग्न ठरलं की बस्ता बांधायला, साज घडवायचा तर गुजरीत, आणि मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलेलं खरंच आहे का हे विचारायला कोल्हापूरच्या डॉक्टरांकडं. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली सुरू झालं तेव्हापासून सांगलीतल्या पदवीधरांच्या पिढ्यान्‌पिढ्या तिथं जाऊन आल्या. त्यांतल्या बहुतेकांनी विद्यापीठाची एक खिडकी तेवढी पाहिली. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसायला लागलं आणि भाऊबंदकीचीही सोय झाली. सकाळी जायचं, दुपारी भांडायचं, रात्री जेवायला घरी. इतकं सगळं एका शहरात होत असताना ते शहर बघत कोण बसतो?

आमच्या घरात हा प्रश्न आणला थोरलीनं. ती पुण्याला शिकते. होस्टेलवर तिच्या खोलीत एक नागपूरची, एक नांदेडची. त्यांनी मोठ्या आशेनं विचारलं, "तुझं कोल्हापूर अगदी जवळ ना? काय काय बघण्यासारखं आहे?" थोरलीला काही सांगता येईना. तिनं कोल्हापुरात पाहिलेल्या गोष्टी म्हणजे दातांच्या डॉक्टरांकडचं मत्स्यालय आणि एका साडीच्या दुकानाचा जिना. सुट्टीला आली ती ठरवूनच आली. जानेवारीतल्या रविवारी सगळ्यांनी कोल्हापूर बघायचं. काही काम काढायचं नाही. फक्त बघायचं.

"पेट्रोल जाळून?" माझ्या सासूबाईंनी विचारलं.

शनिवार संध्याकाळपर्यंत ज्यानं त्यानं आपापली इज्जत सांभाळली. आईंना अंबाबाईचा नवस आठवला. तो त्यांनी आमच्या ह्यांच्या बारावीच्या गणितासाठी बोललेला होता. हे गणितात पास झाले, नोकरीला लागले, आता चाळिशी उलटून गुडघे धरतात, पण ओटी भरायची राहूनच गेली होती. ह्यांनी पाण्याच्या मोटरचं खराब झालेलं बेअरिंग काढून एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं. तसलं नवं उद्यमनगरात हमखास मिळतं म्हणाले. मी स्वतःसाठी चप्पल घ्यायची ठरवली. धाकट्यानं तांबडा-पांढरा एवढंच सांगितलं, आणि त्याच्या वयाला ते कामच आहे. राहिले अण्णा. माझे सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी पेपर खाली न घेता सांगितलं, "मला राजाराम बंधारा बघायचाय."

"बंधारा?" थोरली म्हणाली. तिच्या फोनवरच्या यादीत बंधारा नव्हता.

"हां. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

मावशीचा प्रश्न उरला होता. आईंची मावसबहीण राजारामपुरीत राहते. कोल्हापूरला जायचं आणि तिला कळवायचं, तर दिवस संपला. पोहे, चहा, 'आता जेवूनच जावा', जेवणानंतर 'जरा पाठ टेका', मग नातवाच्या मुंजीचे फोटो. कळवायचं नाही, आणि नंतर तिला कुठूनतरी समजलं, तर पुढच्या प्रत्येक लग्नात ती आम्हाला बघून दुसऱ्या पंगतीला बसणार. बऱ्याच खलानंतर आईंनीच निकाल दिला: कळवायचं नाही आणि दिसायचंही नाही. कोल्हापुरात काही लाख माणसं राहतात, त्यात एक मावशी चुकवणं एवढं काय अवघड आहे, असं आम्हाला घरात बसून वाटलं.

सहाला निघायचं ठरलं होतं, म्हणून साडेआठला निघालो. खाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात जायचं म्हणून आईंनी भाकऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थर्मासभर चहा आणि एक डबा भरून लाडू घेतले होते. फाटकाशी शेजारच्या काकू रांगोळी घालत होत्या. "कुठं, कोल्हापूरला? काय काम काढलंसा?"

थोरली "बघायला" म्हणायच्या आत चौघांनी चार कामं सांगितली. काकूंनी त्यांतलं एकही खरं मानलं नाही. मुलगी बघायला निघालेत की मुलगी दाखवायला, एवढंच त्यांना ठरवता येईना.

अंकलीचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो आणि अण्णा बोलायला लागतात. जयसिंगपूर शाहू महाराजांनी वसवलं, वडील जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं, गल्ल्या बघा कशा सरळ रेषेत आखल्यात. मागच्या सीटवर तेव्हा मिसळीचं चाललं होतं. बावड्याची, उद्यमनगरची की खासबागेची? कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेडचे स्लाइस देतात आणि वरून मागायचा तो कट. त्याला तर्री म्हणणारा माणूस पुण्याचा समजला जातो. थोरली एकदा तर्री म्हणाली आणि धाकट्यानं तिला हातकणंगल्यापर्यंत सोडलं नाही. कुठली मिसळ चांगली हा वाद तावडे हॉटेलपर्यंत पुरला. तावडे हॉटेल आलं म्हणजे कोल्हापूर आलं. तिथं आईंनी जाहीर केलं, "दर्शन झाल्याशिवाय कुणी काही खायचं नाही." मिसळीचा विषय तिथं संपला.

शहर बघायला जातो म्हणणाऱ्या कुटुंबातला एक माणूस शहर कधीच बघत नाही. तो गाडी चालवत असतो. आमच्या ह्यांनी कोल्हापुरात पाहिलं ते पार्किंग. बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांचे पुतळे आहेत, जुन्या तुरुंगाची भिंत आहे. ह्यांना फक्त एक पांढरी गाडी बाहेर निघतेय का ते दिसत होतं. रस्ता विचारावा तर कोल्हापूरचा माणूस मनापासून सांगतो. "सरळ जावा, डावीकडं न वळता पुढं जावा, मग कुणालाबी विचारा." हे "कुणालाबी विचारा" तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितल्यावर हे म्हणाले, "गावात पाट्या का लावत नाहीत कळलं. बोलायचं कुणाबरोबर मग?"

अंबाबाईच्या रांगेत अण्णांना श्रोते मिळाले. देवळं बहुतेक पूर्वेला तोंड करून असतात, ही देवी पश्चिमेला बघते, आणि म्हणूनच किरणोत्सव होतो. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्याला, मावळतीचं ऊन महाद्वारातून सरळ आत येतं. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. "कोन बघा," असं म्हणून अण्णांनी हात लांब करून उतार दाखवला, तो पुढच्या बाईंच्या नारळाला लागला. "शेकडो वर्षांपूर्वी लेव्हल कशी काढली असंल? आणि आता मध्ये कुणीतरी एक मजला चढवतो आणि ऊन अडकतं." मागचे एक काका म्हणाले, "परवानगी कोण देतं पण?" आणि मग रांग आपली आपण रमली. हे पिशवीतलं बेअरिंग बोटानं फिरवत उभे होते.

गाभाऱ्यापुढं आईंना जेमतेम दोन क्षण मिळाले. इतक्या वर्षांचा बारावीचा हिशेब त्यांनी त्यात चुकता केला आणि नवा नवस बोलून टाकला. कशाचा ते सांगितलं नाही, पण बाहेर आल्यावर थोरलीकडं दोनदा बघितलं. नवसाचं खातं बंद करायचं नसतं, नाहीतर परत यायला कारण काय?

देवळाला चार दरवाजे आहेत. चपला ठेवल्या होत्या महाद्वाराशी, अण्णा आम्हाला घेऊन निघाले घाटी दरवाज्यानं, कारण त्यांना बाहेरचं बांधकाम बघायचं होतं. बाराच्या उन्हात तापलेल्या फरशीवरून आम्ही अर्धी प्रदक्षिणा पळत घातली. तेव्हा मला चप्पल ही खरेदीची नसून तातडीची वस्तू वाटायला लागली होती आणि दुकानदारानं ते ओळखलं.

चप्पल लाईनीत शिरलं की चामड्याचा वास येतो आणि भावाची घासाघीस ऐकू येते. कापशी, पुकरी, कचकडी, बक्कलनाली अशी नावं. धाकट्याला वाजणारी हवी होती. तळात 'विंचू' बसवतात त्यानं चालताना करकर आवाज होतो. पूर्वी गावात कोण आलंय ते चपलेवरून कळायचं. "आणि रात्री पाणी प्यायला उठलास की घर उठंल," म्हणून आईंनी ती परत ठेवायला लावली. मी एक जोड पसंत केला. दुकानदारानं सांगितलेला आकडा ऐकून अण्णा पुढं सरसावले. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात कर्नाटकातले चार जिल्हे आहेत आणि महाराष्ट्रातले कोल्हापूर, सातारा, सोलापूर आणि सांगली. हे त्यांना पेपरात वाचल्यापासून पाठ आहे.

"म्हणजे कायद्यानं ही चप्पल सांगलीची पण आहे," अण्णा म्हणाले.

"मग सांगलीतच घ्यायची की काका. एवढं लांब कशाला आलासा?"

अण्णा क्षणभर थांबले. दुकानदारानं लगेच दुसरा टोला दिला: २०२५ साली इटलीच्या प्राडानं मिलानच्या फॅशन शोमध्ये असल्याच चपला घालून माणसं चालवली, आधी कोल्हापूरचं नाव घेतलं नाही आणि इथं गदारोळ झाल्यावर कबूल केलं. "इटलीला गेलेला माल आहे वहिनी, भाव कसा कमी करू?" गेली ती चप्पल नव्हेच, फक्त तिची नक्कल गेली, असं मी म्हणू शकले असते. पण माझे पाय अजून भाजत होते. मी पैसे दिले.

आमच्या घरात मटण खाऊन देवळात जायचं नाही, पण देवळातून मटणाला जायला हरकत नाही. त्यामुळं रांग जितकी लांब तितकं मटण लांब. खानावळीत पोहोचलो तेव्हा मालक फडका खांद्यावर टाकून दारात उभे. "तांबडा हाय, पांढरा हाय. मटण तेवढं संपलं." कोल्हापूरला जाऊन मटण न मिळणं हे लग्नाला जाऊन नवरा न दिसण्यासारखं आहे, पण रस्से होते आणि ते हवे तितके होते. धाकटा वाटीमागून वाटी पीत गेला, शेवटी वाढप्यानं त्याच्यापुढं पातेलंच ठेवलं. आईंना बाहेरची भाकरी चालत नाही. त्यांनी पिशवीतून आपली काढली, 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत' या पाटीकडं पाठ केली आणि पांढऱ्यात कुस्करली. मालकांनी बघितलं. म्हणाले, "भाकरी झकास जमलीय की ओ, आज्जी." आईंनी त्यांना एक दिली.

जेवण झाल्यावर बेअरिंग. रविवार असल्यामुळं उद्यमनगरात दुकानांची शटरं ओळीनं खाली होती. शिवाय तिथून राजारामपुरी हाकेच्या अंतरावर, त्यामुळं आईंनी पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढून घेतला होता आणि काचेच्या खाली सरकून बसल्या होत्या. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं विचारलं, "आजींना बरं न्हाई काय?" ह्यांना मात्र दुकान बंद असल्याचं फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. काम राहिलं म्हणजे परत यायची सोय झाली. यापुढं कधीही उठून ते कोल्हापूरला जाऊ शकतात आणि कुणी कारण विचारणार नाही.

वाटेत खासबाग मैदान गाडीतूनच दाखवलं. शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले होते तेव्हा रोमचं जुनं क्रीडागार बघून त्यांच्या मनात आलेला हा आखाडा. बशीसारखा खोल, कुठूनही बसा, मातीवरची कुस्ती दिसते. शेजारी केशवराव भोसले नाट्यगृह. कोल्हापूरची इतकी स्तुती एका दमात झाल्यावर अण्णांना राहवलं नाही. "नाटक पहिल्यांदा सांगलीत झालं. अठराशे त्रेचाळीस. विष्णुदास भावे." कुणी नाही म्हणालं नव्हतं.

नवा राजवाडा मात्र सगळ्यांनी बघितला, कारण तिथं पार्किंग ऐसपैस आहे. दारावर पिशव्या तपासतात. रखवालदारानं ह्यांच्या पिशवीत हात घातला आणि ग्रीसनं काळा झालेला बाहेर काढला.

"हे काय हाय?"

"बेअरिंग."

"राजवाड्यात?"

"नमुन्याला आणलंय."

त्यांनी ते दोनदा फिरवून बघितलं. "गेलंय हे," म्हणाले आणि हात पुसत आत सोडलं.

घडीव काळ्या दगडाचा हा वाडा १८७७ ते १८८४ या काळात बांधला. आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज अभियंत्याचा. बडोद्याच्या लक्ष्मी विलासचा आराखडाही त्याचाच. इथलं टाउन हॉलही त्याचंच. कमानी कुठल्या, घुमट कुठले, मनोरे कुठले, सगळं एकत्र करूनही भांडण न होऊ देणं त्याला जमलं होतं. आत दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवाजी महाराजांचे प्रसंग आहेत. थोरली त्या काचांसमोर खरोखर गप्प उभी राहिली. दिवसभरात पहिल्यांदाच तिला हवं होतं ते घडत होतं. मागून आईंचा आवाज आला, "एवढ्या काचा पुसतं कोण?" पुढच्या दालनात पेंढा भरलेले वाघ, बिबटे, गवे. धाकटा प्रत्येकाच्या डोळ्यात डोळे घालून बघत होता. "आजोबा, हे सगळे इथलेच?" "सगळे इथले नसतील," अण्णा म्हणाले, "काही पाहुणे असतील." आलेल्यांतला एकही परत गेला नाही हे धाकट्याच्या लक्षात आलं आणि तो उरलेला राजवाडा माझा हात धरून चालला.

तिथून कसबा बावड्याच्या रस्त्यानं बंधाऱ्याकडं. "यादीत नाही हे," थोरली एकदा म्हणाली. पण अण्णा पुढच्या सीटवर जाऊन बसले होते आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच साइटवर निघाल्यामुळं त्यांनी चष्मा पुसून घेतला होता.

बाहेरच्यांना राजाराम बंधारा हे नाव ठाऊक नसेल. सांगली-कोल्हापुरात जुलै-ऑगस्टला ते घराघरात रात्रीच्या बातम्यांत येतं. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, आणि मोजतात ती राजाराम बंधाऱ्यावर. आमच्याकडं आयर्विन पुलावर ४० आणि ४५. खरं तर पंचगंगा कृष्णेला मिळते नरसोबाच्या वाडीला, सांगलीच्या खाली. कोल्हापूरचं पाणी आमच्या दारावरून जातच नाही. तरी पावसाळ्यात अण्णा दोन्ही आकडे वहीत लिहितात, कोयनेचा विसर्ग लिहितात, राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी किती उघडले ते लिहितात आणि खाली अलमट्टीविषयी एक वाक्य लिहितात, ते इथं छापण्याजोगं नाही. २०१९ च्या पुरात दोन्ही शहरांचे आकडे धोक्याच्या वर गेले, शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, तेव्हा हीच वही घेऊन ते वरच्या मजल्यावर बसले होते. आणि ज्या बंधाऱ्याचा आकडा इतकी वर्षं लिहिला तो त्यांनी कधी पाहिला नव्हता. नोकरीभर त्यांची बदली कृष्णेच्या अंगालाच होत राहिली.

बंधारा दिसला तेव्हा थोरली म्हणाली, "एवढासाच?"

दगडी खांबांची एक ओळ, मध्ये खाचा, खाचांत बर्गे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणून हाच नमुना नंतर महाराष्ट्रभर गेला. पावसाळा संपला की खाचांत बर्गे घालायचे, पाणी अडतं आणि उन्हाळ्यात शेताला मिळतं. पावसाळा तोंडावर आला की काढून घ्यायचे, म्हणजे पूर खांबांमधून वाट काढून निघून जातो. "पाण्याला अडवायचं, पण त्याच्याशी मारामारी करायची नाही," अण्णा म्हणाले. वरून पलीकडच्या गावांना रस्ता जातो. पाणी वाढलं की हा रस्ता सगळ्यांत आधी बुडतो. जानेवारीत मात्र खाली बायका धुणं धूत होत्या आणि दोन म्हशी पाण्यात बसल्या होत्या. अण्णांनी फोटो काढायला सांगितला. "मी नसलो तरी चालेल, मोजपट्टी आली पाहिजे." थोरलीनं दोघांनाही घेतलं.

सायकलवरून जाणारा एक माणूस थांबला. "काका, पाटबंधारेतनं आलासा काय?"

"निवृत्त झालो," अण्णा म्हणाले. पण आवाज निवृत्तांचा नव्हता.

मग त्या माणसानं कुठला बर्गा गळतो ते दाखवलं, अण्णांनी वाकून बघितलं, दोघांनी मिळून खात्यातल्या सध्याच्या लोकांविषयी काही मतं व्यक्त केली. आम्ही काठावर बसून दशम्या-चटणी खाल्ली. आईंनी म्हशींकडं बघत थर्मासमधला चहा ओतला आणि म्हणाल्या, "इथं बरं वाटतंय. राजवाड्यात बसायला काही नव्हतं."

रंकाळ्यावर पोहोचेपर्यंत ऊन कलंडलं होतं. काठावर भेळेचे गाडे, रगडा, उसाचा रस, पलीकडं शालिनी पॅलेसची छाया. १९३१ ते १९३४ या काळात बांधलेला हा वाडा पुढं हॉटेल झाला होता. गर्दी इतकी की सगळं कोल्हापूर तिथं असावं. त्यात मावशी असू शकते हे लक्षात येऊन आईंनी पुन्हा पदर घेतला. भेळवाल्याकडून धाकट्याला नंदीची गोष्ट कळली. इथला नंदी रोज गव्हाच्या दाण्याएवढा रंकाळ्याकडं सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागं येतो. तो पाण्याला पोहोचला की प्रलय. सकाळच्या रांगेत आम्ही याच हिशेबानं चाललो होतो, त्यामुळं मला गोष्ट पटायला वेळ लागला नाही.

"कुठला तांदूळ पण?" अण्णांनी विचारलं.

"म्हणजे?"

"बासमती धरला तर दाणा गव्हापेक्षा लांब. मग नंदी उलटा चाललाय. प्रलय होणारच नाही."

यावर ह्यांनी दिवसभरातलं पहिलं मत मांडलं. इथला नंदी, तर तांदूळही इथला धरायला पाहिजे, आजऱ्याचा घनसाळ. घनसाळ आखूड. म्हणजे दाण्यामागं थोडं पुढं सरकणं आहे. मग रोजचा फरक किती, वर्षाचे किती, अंतर किती, असं ते दोघं भेळेच्या कागदावर मांडत बसले. बारावीच्या गणिताचा नवस फुकट गेला नव्हता. प्रलयाला अवकाश आहे असं निघालं आणि आम्ही रगडा मागवला.

निघताना आईंनी गूळ घेतला. कोल्हापूरला आलो आणि गूळ नेला नाही असं होत नाही. शेजारच्या काकूंना एक ढेप, स्वतःला दोन, आणि एक असू दे म्हणून.

हातकणंगल्यापाशी चहाला थांबलो. रात्रीचे साडेआठ झाले असतील. टपरीपुढं एक गाडी उभी होती आणि तिच्यातून मावशी उतरत होती. बरोबर मावशीचे यजमान, मुलगा, सून, नातू. लपायला जागा नव्हती. आईंनी पदर घेतला, पण आता तो नमस्कारासाठीच उपयोगी होता.

"अगं बाई," मावशी म्हणाली. तिचा चेहरा मी नीट बघितला. तो बरोबर आईंच्या चेहऱ्यासारखा झाला होता. "तुमच्याकडनंच येतोय! दार वाजवलं, कुलूप. म्हटलं कुठं गेली ही माणसं?"

"आणि आम्ही तुमच्याकडं!" आई क्षणात म्हणाल्या. "जिना चढून वर गेलो. कुलूप!"

दोन्ही घरांना दिवसभर कुलूप होतं, त्यामुळं दोघींपैकी कुणालाही पुढं काही विचारता येईना. अण्णा म्हणाले, "कधी गेलो आपण?" आणि मी त्यांच्या हातात घाईनं चहाचा कप दिला. मावशीचा नातू म्हणत होता की त्यानं सांगलीचा गणपती बघितला आणि घाटावर होडीत बसला. सुनेनं त्याला बिस्किट दिलं. यजमान आमच्या ह्यांना सांगत होते, "तसं काही काम नव्हतं. मिरजेला तंबोऱ्याचं काम करणाऱ्यांकडं जरा विचारायचं होतं." त्यांच्या घरात कुणी गात नाही. ह्यांनी सहानुभूतीनं बेअरिंग काढून दाखवलं.

रिकाम्या हातानं भेटायचं कसं, म्हणून आईंनी डिकी उघडायला लावली आणि 'असू दे' म्हणून घेतलेली गुळाची ढेप कोल्हापूरच्या मावशीच्या हातात ठेवली. "तुमच्यासाठीच आणली होती. दार बंद होतं म्हणून परत नेत होतो." मावशीही कमी नव्हती. तिनं सुनेच्या पायाशी ठेवलेली पिशवी ओढली आणि सांगलीचं भडंग आमच्या सांगलीच्या घरासाठी काढून दिलं. "तुमच्या दाराला अडकवून येणार होते, पण म्हटलं मांजर खाईल." दोघींनी एकमेकींना 'कशाला उगाच' केलं आणि पुढच्या वेळी कळवून यायचं वचन घेतलं.

गाडी सुरू झाल्यावर धाकट्यानं लगेच पुडा फोडला. मोबाईलच्या उजेडात त्यावरची पाटी वाचली.

"आई, हे आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातलं आहे."

"मग बरंय की," मागून आई म्हणाल्या. "ताजं असंल. इकडं दे."